गुडघ्याची पुडी

आमच्या कारखान्यात बाहेरची हवा सरळ आत येत नाही. ती एका जाळीतून, मग दुसऱ्या जाळीतून, आणि शेवटी इतक्या बारीक गाळणीतून सोडली जाते की धुळीचा कणसुद्धा बाहेर राहतो. तरी एप्रिल लागला की मला आत कांद्याचा वास येतो. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवून, हातात दुहेरी मोजे घालून मी स्टीलच्या टाकीसमोर उभा असतो आणि नाकात उन्हाळ कांदा भरलेला असतो. शेजारच्यांना विचारून पाहिलं, त्यांना येत नाही. म्हणजे तो हवेतून येत नसणार.

बाहेर मात्र तो खराच असतो. आग्रा रस्त्यावर चांदवडकडून भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप येत असतात. त्यांच्या मागे लाल-पिवळी सालपटं उडत राहतात. दुचाकीवर चाललेल्या माणसाच्या शर्टावर एखादं येऊन चिकटतं. कोरडं, हलकं, आरपार दिसणारं. पूर्वी मी ते झटकून टाकायचो. आता काही वेळ तसंच राहू देतो.

माझी मोठी बहीण चांदवडला असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. आम्ही मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. तिचं लग्न चांदवडच्या एसटी कंडक्टरशी झालं आणि लग्नानंतर ती कांद्याच्या खळ्यावर जायला लागली. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं लांबलचक पत्र्याचं शेड. बाजारात घेतलेला कांदा तिथे आणून ओततात आणि बायका ढिगाभोवती बसून तो निवडतात. मोठा वेगळा, गोल्टी म्हणजे बारका वेगळा, जोड वेगळा, सडका मागे. जायची गरज नव्हती, भाऊजींचा पगार पुरत होता. पण घरात बसून भिंतींशी बोलू का, असं ती विचारायची. खळ्यावर साऱ्या तालुक्याच्या बातम्या पोचायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या मुलाला पोलिसात घेतलं. हात कांद्यात आणि तोंड गावात.

त्या कामात उठायचं नसतं. ढीग जसजसा कमी होतो तशा बायका बुडाखालच्या गोणपाटासकट पुढे सरकतात. गुडघे दुमडलेले, हात जमिनीला टेकलेला, आणि एक हलका हिसका. मी तिला भेटायला खळ्यावर गेलो की ती मान वर न करताच विचारायची, "आला का बापू? बस. पण उजेडाच्या आड नको बसू." आणि तशीच सरकत पुढे जायची. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिचे गुडघे तेव्हा माझ्या विषयात आले नव्हते.

माझा विषय सांगायला अवघड आहे. आपल्या शरीरातल्या पेशी जगता जगता अतिशय बारीक पिशव्या बाहेर सोडत असतात. त्यांत एका पेशीचा दुसऱ्या पेशीला निरोप असतो. दुरुस्ती कर, सूज आवर, वाढ, थांब. पुस्तकात त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. कारखान्यात आम्ही इंग्रजी आद्याक्षरं घेऊन ईव्ही म्हणतो. मोठ्या टाक्यांमधून पेशी वाढवायच्या, त्या ज्या पाण्यात वाढल्या ते पाणी घ्यायचं आणि त्यातून या पिशव्या वेगळ्या काढायच्या. त्या झिजलेल्या सांध्यात टोचल्या तर सांधा सावरेल, ही आशा. वेगळ्या काढायच्या आणि त्याही भरपूर, हे माझं काम.

चौदा एप्रिलला, जयंतीला, आक्काकडे सगळे जमलो होतो तेव्हा भाऊजींनी मला विचारलं, हल्ली काय बनवता? मी म्हणालो, ईव्ही. त्यांनी लगेच विचारलं, एकदा चार्ज केली की नाशिकपर्यंत जाते का? सगळं घर गाडीवर बोलायला लागलं. मी समजावत होतो आणि जितकं समजावत होतो तितकी ती गाडी मोठी होत होती. शेवटी वैतागून मी म्हणालो, पुडी हो, पुडी. पेशी औषधाच्या बारीक पुड्या बांधून बाहेर टाकतात, त्या आम्ही गोळा करतो. ते लगेच सगळ्यांना समजलं.

आक्काने वाढता वाढता विचारलं, "गुडघ्यावर चालंल का तुझी पुडी?"

मी म्हणालो, उंदराच्या गुडघ्यावर चाललीय.

"उंदराला गुडघे राहतात का रे?" ती म्हणाली, आणि पंगतीत हशा पिकला. मीही हसलो. पण तिने तो शब्द उचलून जपून ठेवला होता, हे मला उशिरा कळलं. आमच्याकडे लहानपणी दुखलं-खुपलं की स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडून कागदात बांधलेल्या पुड्या यायच्या. दुपारी एक, संध्याकाळी एक. पुडी घेतली की बरं व्हायचं. तिच्यासाठी पुडी हे औषधाचंच नाव होतं, आणि बरं होणं त्या नावातच होतं. मी मात्र एका किचकट वस्तूला टोपणनाव दिलं होतं.

तेव्हापासून फोनवर ती शेवटी एकदा विचारायचीच. माझी पुडी झाली का?

ज्या हंगामाबद्दल लिहायला बसलो आहे तो या जयंतीनंतरचा. त्या वर्षी उन्हाळ कांदा अफाट आला होता. खळ्यांमध्ये जागा उरली नव्हती, रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या टाकून ढीग लावले होते. आमच्याकडेही पहिल्यांदाच मोठी टाकी लागली होती. तोवर आम्ही पुड्या काढायचो त्या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात. बोटभर नळ्या भरायच्या, यंत्र तासन् तास गरगर फिरायचं, आणि शेवटी नळीच्या तळाला एक धूसर ठिपका उरायचा. उजेडाकडे तिरकी धरली तर दिसणारा. त्या ठिपक्यात एका उंदराचं काम भागायचं. माणसाच्या गुडघ्यासाठी अशी किती यंत्रं लावणार? ती लावली तरी इतक्या जोराने तळाशी आपटून पुड्या एकमेकींना चिकटायच्या, फुटायच्या.

म्हणून वाट बदलली. बारीक छिद्रांच्या पोकळ तंतूंमधून पाणी आडवं वाहू द्यायचं. गाळणीवर दाबायचं नाही, तिच्या अंगावरून वाहत न्यायचं. पाणी आणि बारीकसारीक ऐवज छिद्रांतून निघून जातो, पुड्या आत फिरत राहतात आणि दाट होत जातात. मग त्या एका उंच नळकांड्यात सोडायच्या, त्यात सच्छिद्र मणी भरलेले असतात. आक्काला हे सांगताना मी कांद्यांचं उदाहरण दिलं होतं. म्हणालो, कांदा चाळणीत ओतला तर गोल्टी आधी खाली पडते, आमच्यात उलटं. आमची गोल्टी मण्यांच्या प्रत्येक भोकात शिरून बसते म्हणून मागे राहते. मोठा माल कुठे शिरत नाही, सरळ आधी बाहेर येतो. ती म्हणाली, म्हणजे तुमची गोल्टी पोरांसारखी, बाजारात प्रत्येक दुकानात घुसणारी. इतकं अचूक मला परिषदेतही कुणी सांगितलेलं नव्हतं. मी ते नंतर एका भाषणात वापरलं. कुणाचं म्हणून सांगितलं नाही.

त्याच दिवसांत आक्काचे गुडघे गेले. एकदम नव्हे. आधी जिना, मग बसमध्ये चढणं, मग सकाळी उठल्यावरची पहिली पावलं. नाशिकला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो पाहून सांगितलं की दोन्ही वाट्या बदलायच्या. सरकारी योजनेत बसत होतं, वय ठीक, हृदय ठीक, आताच करा. मी त्या दिवशी बरोबर नव्हतो. मोठ्या टाकीची पहिली खेप निघायची होती.

खेप निघाली आणि मोजणीच्या यंत्राने जो आकडा दाखवला तो पाहून मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आयुष्यभर नळीच्या तळाचा ठिपका पाहिलेल्या माणसाला कुणी पिंप भरून द्यावं तसं झालं. साहेबांनी पेढे मागवले. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन चांदवडला गेलो, पेढे घेऊन. आक्का ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिने पेढा खाल्ला, बोटं पदराला पुसली आणि विचारलं.

"बापू, डॉक्टर म्हणतो पाय कापून वाट्या घाल. तुझी पुडी येणार असंल तर कशाला कापू? काय करू, सांग."

माझ्या डोळ्यांपुढे तो आकडा होता. मी म्हणालो, "घाई नको करू. थांब थोडं."

एवढंच म्हणालो. तेव्हा ते खोटं नव्हतं. हे मी सुटकेसाठी सांगत नाही. खोटं बोललो असतो तर निदान मला ते त्याच क्षणी कळलं असतं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या गुणवत्ता विभागातल्या नीलम पगारे माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचं काम वेगळं. मोजणीच्या यंत्राला फक्त आकार दिसतो. पुडीच्या आकाराचा प्रथिनांचा गोळासुद्धा ते पुडी म्हणूनच मोजतं. पगारे मॅडम त्या पुड्या सांध्यातल्या पेशींना घालून बघायच्या, पेशी काही हालचाल करतात का. त्या म्हणाल्या, "सर, पुड्या भरपूर आहेत. पण बऱ्याचशा रिकाम्या आहेत, आणि उरलेल्या पुड्याच नाहीत."

लहान नळीतल्या मालाने पेशी सावरत होत्या, मोठ्या टाकीतल्या मालाने ढिम्म. कारणं हळूहळू सापडत गेली. पंपाचा जोर जास्त झाला की पुड्या तंतूंवर घासून फाटायच्या, कमी केला की गाळणी चोंदायची. नळ्यांच्या आतल्या अंगाला माल चिकटून राहायचा. दाट करताना गोळे व्हायचे. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं. या धंद्यात हे रोजचंच आहे. थोडक्यात जमलेलं भरपूर करायला गेलं की ते निसटतं, आणि आपल्या हाती नुसतं भरपूर उरतं.

हे आक्काला सांगायला किती वेळ लागला असता? एक फोन. चांदवडपर्यंत बस तर सारखीच असते. मी विचार केला, पुढची खेप बघू. ती थोडी बरी निघाली, म्हणून म्हटलं, अजून एक. मग पावसाळा आला, दिवाळी आली. तिने फोनवर विचारलं की मी म्हणायचो, चाललंय, होईल. मला वाटायचं की मी तिची आशा मोडत नाहीये. खरं तर मी स्वतःचा तो पेढ्याचा दिवस मोडू देत नव्हतो. त्या दिवशी मी तिच्या ओट्यावर पहिल्यांदा नुसता शिकलेला भाऊ नव्हतो, उपयोगाचा भाऊ होतो. तेवढ्यासाठी मी तिचे गुडघे झिजू दिले.

हंगामामागून हंगाम गेले. एका उन्हाळ्यात भाऊजींचा फोन आला की आक्काला धाप लागते. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब निघाली. मी घाईघाईने पुन्हा गुडघ्यांचा विषय काढला, आता शस्त्रक्रिया करूनच टाकू म्हणालो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि मान हलवली. आधी आला असतात तर, असं ते म्हणाले. ते साधंच म्हणाले, त्यांना काय माहीत. आक्का व्हीलचेअरवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. दवाखान्याच्या खिडकीतून ती पार्किंगमधल्या गाड्या बघत होती.

आता ती घरात बसल्या बसल्या सरकते. स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत. गोणपाट बुडाखाली, हात जमिनीला टेकलेला, आणि एक हलका हिसका. खळ्यावर जशी सरकायची अगदी तशीच. फक्त पुढ्यात ढीग नाही.

आणि आमची पुडी? ती तयार झाली. खोटं कशाला बोलू. तंतू रुंद घेतले, जोर कमी केला, पाण्यातलं मीठ बदललं, नळकांडं दुसऱ्या पद्धतीचं लावलं. मोठ्या टाकीतला माल लहान नळीतल्या मालाच्या जवळपास पोचला. पगारे मॅडमच्या पेशी हलायला लागल्या. मी साहेबांकडे माणसांवरच्या चाचण्यांचा विषय काढला. त्यांनी चहा मागवला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. चाचण्यांना वर्षं लागतात, परवानगीला वर्षं लागतात. एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला मात्र माल लगेच हवा होता. चेहऱ्याला लावायचं सीरम. टोचायचं नाही, म्हणून तेवढी भानगड नाही.

"गाल आधी येतो, गुडघा नंतर," साहेब म्हणाले. "गुडघा कुठे पळून जातोय?"

मी चहा प्यालो. राजीनामा दिला नाही. आजही त्याच टाकीसमोर उभा राहतो आणि जे आक्काच्या गुडघ्यासाठी काढायला शिकलो ते मुंबई-दिल्लीच्या गालांसाठी काढतो. पद्धत तीच आहे, आणि उत्तम चालते. एकही खेप फेकावी लागत नाही.

गेल्या दिवाळीत कंपनीने सगळ्यांना त्या सीरमची बाटली भेट दिली. निळ्या काचेची, ड्रॉपरची, सोनेरी टोपणाची. ती मी आक्काकडे का नेली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. हे गालाचं आहे, असं म्हणून मी ती तिच्या हातात दिली. तिने टोपण उघडलं, वास घेतला, साडी गुडघ्यापर्यंत सरकवली आणि दोन थेंब तिथे चोळले. मग डोळे मिटून म्हणाली, "गार वाटतं." बोलायला हवं होतं तिथे मी कायम असाच गप्प राहिलो आहे.

मराठीत पुडी बांधतात तशी सोडतातही. कुणी थाप मारली, अफवा पसरवली की आपण म्हणतो, पुडी सोडली. ज्या दिवशी जयंतीच्या पंगतीत मी तो शब्द वापरला त्या दिवशी हा अर्थ माझ्या मनात आलाही नव्हता. या वर्षी तो माझ्यासमोर चालत आला.

परवा रविवारी चांदवडला गेलो. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग होती. आक्का दारात उजेडाला बसून कांदे निवडत होती. शेजारणीच्या कांदाचाळीतल्या घरच्या वापराच्या दोन गोण्या तिच्याकडे येतात. हाताला सवय आहे, आणि बायका येऊन बसतात, गप्पा होतात. मी समोर पायरीवर बसलो. तेवढ्यात शोभा आली. त्याच गल्लीत राहते, आक्काबरोबर खळ्यावर जायची, अजून जाते. माझ्याहून वयाने लहान. भिंत धरून आली. पायरी चढताना तिने ओठ आत दाबून धरले. ते मी ओळखलं.

"हाच का तुमचा भाऊ?" तिने विचारलं.

"हाच," आक्का म्हणाली. "पुडीवाला."

शोभा मला सांगायला लागली. नाशिकच्या दवाखान्यातून फोन आला होता, तिचा शस्त्रक्रियेचा नंबर लागला आहे, पुढच्या महिन्यात बोलावलं आहे. घरात सगळे जा म्हणतात. पण आक्काला दिवाळीपासून निळ्या बाटलीनं लय बरं वाटतंय म्हणे, आणि खरी पुडी अजून यायचीय. खळ्यावरच्या आणखी दोघीतिघी वाट बघत बसल्या आहेत. ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत तेच होतं जे ओट्यावर त्या दिवशी होतं.

"भाऊ, तुम्ही घरचेच. खरं सांगा. थांबू का?"

मी आयुष्यभर एक गोष्ट मोठ्या प्रमाणावर करायला धडपडलो. एका नळीतलं पिंपभर करायचं, आणि वाटेत त्याचा गुण कमी होऊ द्यायचा नाही. ते मला नीट कधी जमलं नाही, आणि जमलं तेव्हा गालांवर गेलं. पण मी ओट्यावर सोडलेला तो एक शब्द, 'थांब', माझ्या मदतीशिवाय गल्लीभर झाला होता. खळ्यावर पोचला होता. त्याचा गुण कुठेही कमी झाला नव्हता. तो जसाच्या तसा, पूर्ण ताकदीने, माझ्यासमोर पायरीवर उभा होता आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता.

आक्काचा हात कांद्यावर थांबला होता. शोभाला नाही म्हणणं म्हणजे आक्काला सगळं सांगणं होतं. ती बाटली काय आहे, पुडी कुठे गेली, आणि मला ते कधीपासून माहीत आहे.

"थांबू नका," मी म्हणालो. "पुडी यायची नाही. त्या बाटलीत गुडघ्याचं काही नाही. नंबर लागलाय तर जा, आणि त्या बाकीच्यांनाही सांगा."

शोभाने एकदा आक्काकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बरं म्हणाली आणि भिंत धरून गेली. तिची पावलं गल्लीत बराच वेळ ऐकू येत होती, एक जड, एक हलकं.

आक्काने हातातला कांदा फिरवून पाहिला. बोटाने दाबला. मऊ लागला असावा, तिने तो मागे टाकला. दुसरा घेतला. मला वाटलं ती विचारेल, तुला कधीपासून माहीत होतं. त्याचं उत्तर मी इतक्या वर्षांत चांदवडच्या वाटेवर कितीदा जुळवलं होतं. तिने ते विचारलं नाही. बाटलीबद्दलही विचारलं नाही. ती काय समजून इतके महिने गल्लीत बरं वाटतंय म्हणून सांगत होती, तिला खरंच गार वाटत होतं की माझी लाज राखत होती, ते मला कधीच कळणार नाही.

"तिला लगेच सांगितलं तू," ती म्हणाली.

तिने हात जमिनीला टेकला आणि एक हिसका देऊन माझ्यापासून थोडी पलीकडे सरकली.

"सरक बापू. उजेड आडवतो तू."